काळ्या रेघा

"भंगार आहे," विघ्नेश म्हणाला आणि मग त्याच्या लक्षात आलं, की आपण हे मोठ्याने म्हणालो.

म्हणायचं ठरलं होतं "फार डीप आहे." कंपनीच्या व्हॅनमध्ये, दुबई-शारजा ट्रॅफिकमध्ये अडकून, आठवडाभर त्याने तेवढंच वाक्य घोकलं होतं. गेल्या शुक्रवारी बघण्याच्या कार्यक्रमात पत्रिका जुळली, पगार जुळला, दोन्ही घरची कुलदैवतंसुद्धा शेजारशेजारची निघाली. सगळं जुळल्यावर प्रज्ञाने आतून एक उशीएवढी इंग्रजी कादंबरी आणून त्याच्या हातात ठेवली. "हे वाचा. मग मी काय ते सांगते." मुलगी त्याला आवडली होती. इतकी, की त्याने ती कादंबरी खरोखर वाचली.

"भंगार म्हणजे?" प्रज्ञाने पोह्यांची बशी त्याच्यासमोर ठेवत विचारलं. चेहरा जुम्म्याच्या नमाजाच्या वेळच्या दुकानासारखा. शटर खाली.

आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

"म्हणजे ती युनिव्हर्सिटी बघा ना. बारा महिने पाऊस, बारा महिने धुकं. पोरं काळे कोट घालून मेलेल्या भाषेत बोलतात. कुणाची परीक्षा नाही, कुणाची फी नाही. खिडक्या फुटक्या, थंडीने कुडकुडतात, आणि कुडकुडून त्यांना कविता होतात. अहो, थंडी माझा धंदा आहे. रास अल खोरच्या अर्ध्या गोडाउनांतले कूलर मी बसवलेत. चार डिग्रीत बटाटा टिकतो. कवी टिकत नाही."

समोरच्या सोफ्यावरून खळखळून हसू आलं. प्रज्ञाचे वडील, धनंजयकाका. हमरियातल्या पाइपांच्या फॅक्टरीत ते क्वालिटी बघत. सुट्टीच्या दिवशीही त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन, चश्मा आणि नापास पाइपांवर फुली मारायचा काळा मार्कर असे.

"पुढे बोला," ते म्हणाले. "मीही वाचलंय ते. घरात येणारं प्रत्येक पुस्तक आधी मी वाचतो."

सासरा हसला म्हटल्यावर विघ्नेशला चेव आला.

"लायब्ररीच्या तळघरात सैतान बसलाय. पोरं आत्मा देतात, तो ज्ञान देतो. अटेस्टेशन कोण करून देणार पण? माझी डिग्री खरी होती तरी मुंबई, दिल्ली, मग इथलं मंत्रालय, असे शिक्के मारत फिरलो. यांनी नुसता आत्मा दिला आणि खलास?"

"करेक्ट!" धनंजयकाकांनी मांडीवर थाप मारली. "डॉक्युमेंटच नाही!"

प्रज्ञाने उठून पाण्याचा जग भरायला घेतला. जग भरलेलाच होता.

"आणि सगळ्यात भंगार तो सेन्सरवाला," विघ्नेश म्हणाला.

धनंजयकाकांची थाप मांडीच्या थोडी वर थांबली.

"इथे मासिकांतली चित्रं काळी होऊन येतात, ते आपल्याला सवयीचं आहे. पण या कादंबरीत पाच खून आहेत. एकाला तर जिवंत भिंतीत चिणतात, त्याचे दोन्ही डोळे... जाऊ दे, पोहे खातोय आपण. ते सगळं शाबूत! आणि कुठे कुणी कुणाचा हात धरला, की काळी रेघ. पट्टी लावून मारलेली, सरळ. शेवटी ती मुलगी त्याला काहीतरी सांगते, तर अख्खं पान काळं. काय सांगितलं तिने? मला शेवटच कळला नाही. कुठल्या ऑफिसात बसतो हो हा माणूस? घरी बायकोकडेही पट्टी लावूनच बघत असेल."

स्वयंपाकघरात प्रज्ञाच्या आईच्या, विभावरीकाकूंच्या हातून झारा पडला.

"ऑफिसात नाही," प्रज्ञा शांतपणे म्हणाली. "तो पोहे खातोय."

विघ्नेशने आधी आपल्या बशीकडे पाहिलं. मग समोरच्या बशीकडे. मग बशीच्या वरच्या खिशाकडे.

धनंजयकाकांनी चश्मा पुसला. "स्पेसिफिकेशनमध्ये बसत नाही ते रिजेक्ट करायचं. घरात मुलगी आहे."

मुलगी सव्वीस वर्षांची होती आणि बँकेत लोकांची कर्जं नामंजूर करायची.

"आणि खून, काका?"

"खून म्हणजे स्टोरी आहे."

विभावरीकाकू बाहेर आल्या, नवऱ्याच्या पुढ्यात वाकल्या, बशी उचलली आणि आत गेल्या. विघ्नेशने मनातल्या मनात लग्न मोडलं, सामान बांधलं आणि खरोखरच उठून बुटांची लेस बांधायला दारापाशी वाकला. एवढी चांगली मुलगी, आणि आपण एका बटाट्यावरून घालवली.

"दोघांना दिलं होतं हे पुस्तक, तुमच्या आधी," प्रज्ञाचा आवाज आला. "दोघंही म्हणाले, फार डीप आहे. रेघांचं नाव कुणी काढलं नाही."

त्याने वर पाहिलं. तिच्या हातात दुसरी उशी होती.

"दुसरा भाग. पहिल्याहून भंगार असणार. पुढच्या शुक्रवारी सांग."

"मग कशाला वाचायचा?"

"बाबांचा वाचायचा राहिलाय."

धनंजयकाका ताडकन उठले. त्यांचा हात खिशाकडे गेला. खिशात पेन होतं, चश्म्याचं घर होतं.

आत विभावरीकाकू काळ्या मार्करचं टोपण दातांत धरून लोणच्याच्या बरणीवर तारीख घालत होत्या.