अर्धी दारू, अर्धा रवा

"मागे व्हा रे, तोफ येतेय!" हातात वेळ मोजायचं यंत्र धरून उभा असलेला ड्वेन म्हणाला आणि रांगेतले सगळे हसत मागे सरले.

वेंडल टेश हसला नाही. बंदुका भरायच्या टेबलाशी उभा राहून तो रायफलच्या कुशीतल्या झडपेतून एकेक काडतूस आत ढकलत होता. रायफल जुन्या घाटाची, पण नवी घडवलेली. कॅन्ससच्या या माळावर नेमबाजीला जमणारे सगळेच अशा नकला घेऊन आणि आजोबा-पणजोबांच्या काळातल्या टोप्या घालून यायचे. पण काळ्या दारूची, तोंडापर्यंत भरलेली काडतुसं उडवणारे थोडेच. त्यांत वेंडल पहिला. त्याचा बार झाला की तो स्वतः धुरात दिसेनासा व्हायचा. म्हणून तोफ.

"आणि लोर्नाबाई, तुमच्या गोळीनं आज तरी माशी मरेल का?" ड्वेनने विचारलं.

"माशीला विचारून सांगते," लोर्ना प्रुइट म्हणाली. कोणाचा नेम लागला, कोणाचा हुकला हे बघायचं काम आज तिच्याकडे होतं.

माशीचा विनोद ड्वेनचा नव्हता, वेंडलचा होता. लोर्ना हलकी, बिनधुराची काडतुसं आणायची आणि वेंडल तिला वर्षानुवर्षं चिडवायचा. "धूर नाही त्याला बार नाही म्हणत, बाई. शिंक म्हणतात."

वेंडलने शेवटचं काडतूस आत सारलं. त्यात दारू अर्धीच होती. सगळ्यांतच अर्धी होती. हिवाळ्यात त्याच्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि आता धक्का सोसवत नव्हता. दारू कमी केली की काडतुसात पोकळी राहते, ती ठेवून चालत नाही. म्हणून वर त्याने न्याहारीच्या डब्यातला रवा भरला होता. त्यात नियमाविरुद्ध काही नव्हतं. खांदा दुखतो म्हणून सांगितलं असतं तर कोणी हसलंही नसतं. पण इतकी वर्षं इतरांना हसल्यावर ते सांगायचं कोणत्या तोंडानं?

ड्वेनचं यंत्र वाजलं. वेंडलने खटका दाबला.

दार आपटावं तसा आवाज झाला. धूर आला, पण विरळ. त्याने दांडा खाली ओढला, वर घेतला, पुन्हा बार केला. वाऱ्यावर खमंग वास पसरला.

"कुणाच्या घरी न्याहारी चाललीय रे?" मागून कोणीतरी विचारलं. हशा झाला. वेंडलची मान तापली.

नेम सगळे लागले. उरली ती लोखंडी पाटी; तिला नुसती गोळी लागून भागत नाही, ती पाडावी लागते. गोळी बरोबर मध्यावर बसली. पाटी डुलली आणि पुन्हा सरळ उभी राहिली. त्याने शेवटची गोळी झाडली. पाटी परत डुलली, परत उभी राहिली.

आता कोणी हसत नव्हतं.

"थांबा!" लोर्नाने हात वर केला. "बिजागरी अडकलीय. त्यांना सगळी फेरी पुन्हा मारू द्या."

त्याने रायफल रिकामी करून बाजूला ठेवल्यावर लोर्ना पाटीपाशी गेली आणि गुडघ्यावर बसली. लोकांकडे तिची पाठ होती. वेंडलला मात्र बाजूने दिसलं. तिने एका बोटाने पाटी ढकलली. पाटी अलगद पडली. तिने ती उचलून नीट उभी केली.

"गंज धरलाय!" ती ओरडली.

"तरीच!" ड्वेन म्हणाला. "नाहीतर तोफेपुढे पाटी उभी राहते होय?"

वेंडलने तोंड उघडलं. बिजागरी ठीक आहे म्हटलं, तर चारचौघांत लोर्ना खोटी पडणार. त्याने तोंड मिटलं.

लोर्ना टेबलाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "रवा ना? वास आला."

त्याने आपल्या काडतुसांच्या पेटीचं झाकण लावलं.

"खांदा?"

त्याने मान डोलावली. तिने खिशातून मूठ काढून त्याच्यापुढे उघडली. "माझी घ्या. मापाला बसतात. आणि नाकं चपटी आहेत, बघून घ्या."

बघायची गरज नव्हती. लोर्ना नवी होती तेव्हा तिची टोकदार काडतुसं त्यानेच काढून घेतली होती. काडतुसं रांगेनं बसतात त्या नळीत एकाचं टोक पुढच्याच्या बुडावर टेकतं, धक्क्यासरशी आतल्या आत बार उडेल, असं तिला खडसावलं होतं. बरोबरच होतं ते. पण खडसावलं होतं सगळ्यांच्या देखत.

"यांनी पाटी पडेल," ती म्हणाली. "धूर मात्र येणार नाही. काळ्या दारूच्या गटातून तुमचं नाव जाईल. तुमचीच पुन्हा भरायची असतील तर भरा. मी काही बोलणार नाही."

त्याची पुन्हा भरली, तर पाटी पुन्हा उभी राहणार. मग बिजागरीचं कारण कोणाला पटणार? त्याची अब्रू जायची ती जाईल, तिचीही जाईल.

त्याने तिच्या तळहातावरून काडतुसं उचलली. एक काडतूस गवतात पडलं. तिने वाकून शोधलं, पुसलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

यंत्र वाजलं. कोरडे, आखूड बार झाले. पाटी पहिल्याच गोळीला आडवी झाली.

वेंडलने रायफल खाली घेतली. समोर माळ लख्ख दिसत होता. त्याला मागे वळायचं नव्हतं, तरी वळावं लागलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. लोर्ना तेवढी दुसरीकडे बघत होती.

ड्वेनने यंत्रात पाहून वेळ सांगितली. आजारी माणसाच्या खोलीत बोलतात, तशा आवाजात.