सोनूबाईंची साक्ष

परदेशी रेडिओ केंद्राच्या मराठी ख्रिस्ती कार्यक्रमासाठी जालन्यातल्या लोकांच्या साक्षी, म्हणजे देवावरच्या श्रद्धेचे अनुभव, ध्वनिमुद्रित करून पाठवायचं काम दानीएल मास्तरकडे होतं. घनसावंगीच्या सोनूबाईंनी पटकीनं गेलेल्या लेकराबद्दल साक्ष दिली. पण भाषा गावंढळ, आणि मधेच हुंदके. दानीएलनं ती साक्ष शुद्ध भाषेत लिहून एका शिक्षिकेकडून वाचून घेतली. सोनूबाईंना सांगायला मात्र त्याची जीभ रेटली नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सोनूबाई गावची चार माणसं घेऊन दानीएलच्या घरी रेडिओपुढे येऊन बसल्या. दानीएलची मान खालीच होती. साक्ष संपली तशी सोनूबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"माझं लागलं न्हाई तर न्हाई, मास्तर. पर ह्या बाईचंबी लेकरू बराबर माझ्यासारखंच गेलं की वो. तिचा पत्ता द्या, भेटून येते."