उलटं कोरलेलं नाव

बाळोजी सोनारानं शेवटचा घाव घातला, दगडावरची भुकटी फुंकली आणि छिन्नी खाली ठेवली. नातीला पुरलं तिथल्या दगडावर तिचं नाव दुसऱ्या कोणी कोरावं, हे त्याला सोसलं नसतं. संस्थानच्या टांकसाळीतले नाण्यांचे ठसे आजवर त्याच्याच हातचे होते.

"बाळोजी, अहो, नाव उलटं कोरलंत," शेजारी उभा असलेला गुरव हळूच म्हणाला.

बाळोजीनं पाहिलं. नाण्यावर अक्षर सुलट उठावं म्हणून ठशावर ते उलटंच कोरायचं असतं. जन्माची ती सवय. डोळे भरून आले, तेव्हा हात आपल्या वळणानं चालत राहिला होता. 

"लेकराचं एवढंसं नाव, तेही मला धड कोरता आलं नाही!" म्हणत त्यानं ते खरवडायला पुन्हा छिन्नी उचलली.

"थांबा, मामंजी." सून पुढं आली. नवा ठसा झाला की सासरा तो आधी ओल्या मातीवर दाबून बघतो, हे ती लग्न झाल्यापासून पाहत आली होती. तिनं लेकीवर लोटलेली ओली माती मुठीत घेतली, मळली, थापली आणि दगडावर दाबून धरली. बराच वेळ तिनं हात काढलाच नाही.

माती अलगद सुटली, तेव्हा तिच्यावर नाव उठलं होतं. सुलट. तुळसा.

"दगड राहू द्या असाच," ती म्हणाली. तिनं ती माती छातीशी धरली, उन्हात लेकराचं डोकं झाकावं तसा वरून पदर ओढला आणि घराची वाट धरली.