होडीचा घोट

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात मी ठाण्याला खाडीकाठच्या नव्या पार्कात गेटवर रखवालीला होतो. गेटच्या माथ्यावर पाटी होती, ‘फॅमिली पार्क. दारू आत नेऊ नये.’ एका दुपारी कोळीवाड्यातली मनुबाई नातीला घेऊन आली आणि तिच्या पिशवीत गावठीची बाटली निघाली. “आजी, ही ओतून टाकावी लागेल.” “वत ना, पन होरीवर वत. पोर त्या मोठ्या होरीन बसनार हाय. होरीला पाजल्याबिगर कोन पोराला बसवतं?” “अहो, तो झोपाळा आहे, नुसता होडीसारखा. खाली लादी आहे.” “आमची होरी हितंच लागायची. भरती काय लादी बघून थांबते?” नात झुलत्या होडीकडे टक लावून बघत होती, पण आजी तिचा हात सोडत नव्हती. साहेबांचा नियम एवढाच, की बाटली रिकामी करायची. कुठं, ते कुणी सांगितलं नव्हतं. फेरी थांबल्यावर मीच होडीच्या टोकावर धार धरली. गावठीचा वास उन्हात पसरला, रंगवलेलं लोखंड ओल्या लाकडासारखं काळपट दिसू लागलं. आजीनं हात जोडले आणि नातीला आत बसवलं. होडी हलली, झुलली, आभाळाला जाऊन टेकली. वरून पोरगी ओरडली, “आजी, पानी आलं!” भिंतीपलीकडची खाडी दिसली असेल, मी मनाशी म्हटलं. शेजारी बघतो तर आजीनं, पाण्यात उतरताना काढतात तशा, चपला काढून हातात घेतल्या होत्या. मी खाली वाकलो आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागलो.