न झालेली सही

नवरा वारला आणि त्याच्यामागे चारुशीलाचा व्हिसाही संपला. डायलिसिसवरच्या बारा वर्षांच्या लेकीपाशी तिला अमेरिकेत राहता यावं, म्हणून तिच्या एकटीसाठी विधेयक मांडलं गेलं. दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. राष्ट्राध्यक्षांची सही तेवढी उरली.

दुपारी मराठी वकीलबाईंचा फोन आला. "ताई, विधेयक बारगळलं."

"नाही म्हणाले ते?"

"काहीच म्हणाले नाहीत. दहा दिवस सही केली नाही, तेवढ्यात संसदेचं अधिवेशन संपलं. असं झालं की विधेयक आपोआप मरतं."

"मग पुन्हा विचारू या."

"पुन्हा म्हणजे पहिल्यापासून. तोवर तुम्हाला इथे थांबता येणार नाही."

"आई, काय म्हणाले गं?" लेकीने आतून विचारलं.

चारुशीला तिच्या उशाशी जाऊन बसली. नकार असता, तर नकार म्हणून सांगता आला असता.