बोल

जोसेफ सिकलसेलने गेला, तेव्हापासून रायसिंग बायकोला एकच ऐकवायचा, "तुझ्याच रक्तानं माझा पोरगा खाल्ला."

त्यांची मुलगी रंजना पुण्यात त्याच आजारावर पीएचडी करत होती. नॅनोपोर नावाच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या छिद्रातून डीएनएचा धागा ओढून ती तो वाचायची. यंदा तिने आईबापाचं रक्त तसंच वाचलं आणि मिळेल त्या गाडीने नवापूरकडचं घर गाठलं.

"आई, दोष दोघांच्याही रक्तात आहे. एकट्या तुझ्यामुळे हा आजार होऊच शकत नाही. बाबांना आत्ताच सांगते."

रूपीबाईने तिचा हात घट्ट धरला.

"नको, बाई. डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. मला बोल लावतो, म्हणून तर उभा आहे तो."