आठ दिवस पाणी तोडा

कडुनिंब आडवा झाला होता. मोडला नव्हता, नुसता मुळासकट कलंडून हन्नाबाईंच्या कबरीवर पडला होता, आणि प्रभुदास सर दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन त्याच्यापुढं उभे होते.

आज दुपारी वावटळ आली होती, पण ती काही एवढी मोठी नव्हती. अख्ख्या देवळालीत कुणाच्या घरावरचा पत्रा हलला नाही. दफनभूमीतल्या बोरी-बाभळींना जन्मात कुणी चमचाभर पाणी पाजलं नव्हतं, त्या जागच्या जागी ताठ, आणि सरांचं लाडाचं झाड तेवढं पडलं. सरांना राग आला. नेमका कुणाचा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बायकोच्या उशाशी स्वतःच्या हातानं लावलेलं झाड. त्यांनी कॅन खाली ठेवले आणि खोड धरून उभं करून पाहिलं. हात सोडला की परत आडवं.

"थांबा सर, तसं न्हाई राहायचं ते."

छबूबाई कुंपणाच्या कडेनं शेळ्यांसाठी गवत कापत होती. दिवसभर ती रोपवाटिकेत पिशव्या भरायला जायची. तिचा ओंकार सरांच्याच हाताखालून दहावी झालेला. विळा बाजूला ठेवून ती आली, उकिडवी बसली आणि मुळांवरची माती बोटांनी झाडायला लागली. मुळं कसली, जेवायच्या ताटाएवढं एक जाळं होतं. सगळी वरच्यावर, एकमेकांत गुंतलेली. जे सरळ खाली उतरायचं ते सोटमूळ वीतभर जाऊन थांबलं होतं.

"रोज पानी घालीत हुता न्हवं?"

"रोज. अकरा महिन्यांत एक दिवस चुकलो नाही." त्यात अभिमान होता, आणि तो लपवावा असं सरांना वाटलं नाही.

"म्हून तर झालं हे. तोंडाशी आयतं पानी आल्यावर ते खाली कशाला जाईल? मुळाला तहान लागाया पायजे, सर. मग जातं वल हुडकत पार खाली. येकदा खाली गेलं का वाऱ्याला दाद देत न्हाई."

बत्तीस वर्षं सरांनी हाच धडा शिकवला होता. सोटमूळ, तंतुमूळ, मूलरोम, टोकावरची मूलटोपी. रंगीत खडूंनी फळ्यावर अशी आकृती काढायचे की पोरं वहीत उतरवायचं सोडून नुसती बघत राहायची. आणि स्वतःचं एक झाड लावायची वेळ आली तेव्हा सगळं विसरून बसले.

छबूबाईला हसू आलं. "आमचा ओंकार अंगनात घोकायचा. मुळाची कामं लिहा. येक, मूळ झाडाला जमिनीत घट्ट धरून ठिवतं. दोन, पानी अन् क्षार शोषून घेतं. ऐकून ऐकून मला बी पाठ झालं हुतं. पाच मार्काचा हुता ना तो सवाल?"

"चार," सर म्हणाले.

फाटकाजवळचं खोरं आणून तिनं खड्डा खोल केला. गुंतलेली मुळं सोडवली, अर्ध्या फांद्या विळ्यानं छाटल्या, झाड उभं करून शेजारी काठी रोवली आणि सुतळीनं सैलसर बांधलं. दोन्ही कॅन तिनं एकदमच ओतले.

"आता आठ दिस पानी तोडा. आठव्या दिशी येकदाच, पोटभर. अन् बुडाशी नगं, हातभर लांबून. तवर हिकडं फिरकायचं कामच न्हाई."

"आठ दिवस?"

"जगतंय. काळजी करू नका."

सरांना झाडाची काळजी नव्हतीच. दर रविवारी पिंपरीहून सॅमसनचा फोन यायचा. पप्पा, रोज रोज मम्मीच्या कबरीवर जाऊन बसू नका, लोक नावं ठेवतात. सर म्हणायचे, बसतोय कुठं बाबा, झाडाला पाणी घालायला जातो. पाळकसाहेबांना हेच सांगायचे, शेजारणीलाही हेच. दोन्ही हातांत पाणी घेऊन निघालेल्या माणसाला कोण काय बोलणार? साडेपाचला हन्नाबाई चहा ठेवायच्या. त्या वेळी घरात थांबलं की सरांचा जीव गुदमरायचा.

"छबूबाई," ते म्हणाले, "मग रोज संध्याकाळी मी करू काय?"

तिनं गवताचा भारा बांधता बांधता त्यांच्याकडं पाहिलं. "त्ये म्या काय सांगू, सर," ती म्हणाली. भारा डोक्यावर घेऊन ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी साडेपाच वाजले. सरांनी सकाळचं वर्तमानपत्र परत उघडलं, परत मिटलं. रेडिओ लावला, बंद केला. पावणेसहाला चपला घातल्या आणि रिकाम्या हातांनी बाहेर पडले.

कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत आप्पासाहेब पट्टा साफ करत होते. "काय सर, आज कॅन न्हाईत?"

"आठ दिवस पाणी तोडलंय."

"आसं व्हय. मग आज कुठं निघाला?"

सर थांबले. फिरायला, असं म्हणता आलं असतं. दुधाला, असंही म्हणता आलं असतं. आप्पासाहेब फडकं हातात धरून उत्तराची वाट बघत होते. सर म्हणाले,

"हन्नाकडं."